दशांश: आधी बाजूला काढा, मग आशीर्वादाचं बोलू

मलाखीच्या तिसऱ्या अध्यायावर प्रवचन झालं की पुढचे दोन-तीन रविवार दानाची थैली जड लागते. महिनाभरात ती पुन्हा होती तशी होते. मंडळीचं खजिनदारपण ज्यांनी केलंय त्यांना हा चढउतार तोंडपाठ असतो. माणूस उत्साहाने पाकीट भरतो, आकाशकपाटं उघडायची वाट बघतो आणि बढती मिळाली नाही, भावकीतला जमिनीचा वाद सुटला नाही की हात आपोआप आखडतो. दोष त्याचा थोडा, प्रवचनाचा जास्त. भिशीत पैसे भरताना आपला नंबर कधी लागणार हे मनात घोळत असतं, तशाच हिशोबाने दशांश दिला तर निराशा ठरलेली.

दशांश देणाऱ्या घरावर आशीर्वाद येतो, हे मी मानतो आणि डोळ्यांनी पाहिलंही आहे. पण तो कोणत्या वाटेने येतो हे माहीत नसेल तर आलेला ओळखता येत नाही. आध्यात्मिक आशीर्वाद इकडे, ऐहिक तिकडे अशी वाटणी मला जमत नाही. संसारात दोन्ही एकाच दारातून येतात, बहुतेक वेळा पगाराच्या दिवशी. म्हणून या लेखात वचनांइतकंच पासबुक, पट्टी आणि पावतीपुस्तक यांच्याबद्दलही बोलायचं आहे.

दहावा भाग नेमका कुणासाठी होता

नियमशास्त्र यायच्या कितीतरी आधी अब्राहामाने शालेमचा राजा मलकीसदेक याला लढाईत मिळालेल्या मालाचा दहावा भाग दिला. कुणी मागितला नव्हता. पुढे याकोबाने बेथेलला नवस केला तोही दहाव्या भागाचा, पण अटी घालून: वाटेत माझा सांभाळ कर, अन्नवस्त्र दे, सुखरूप घरी आण, मग देईन. आजोबा आणि नातू यांच्यातला हा फरक आपल्या मंडळ्यांमध्ये अजून पाहायला मिळतो, आणि खरं सांगायचं तर नातवाच्या पंथाचे लोक संख्येने जास्त आहेत.

लेवीयच्या 27 व्या अध्यायात नियम स्पष्ट होतात. धान्याचा, फळांचा, गुरामेंढरांचा दहावा भाग परमेश्वराचा. जनावरं काठीखालून एकेक जाऊ द्यायची आणि दहावं येईल ते बाजूला काढायचं. ते धडधाकट आहे की रोडावलेलं, हे बघत बसायचं नाही. धान्य स्वतःकडेच ठेवून पैसे द्यायचे असतील तर किमतीवर पाचवा हिस्सा जादा. हा दशांश लेव्यांकडे जाई, कारण बाकीच्या वंशांसारखं जमिनीचं वतन त्यांना नव्हतं. आणि लेव्यांनी मिळालेल्या दशांशाचा दशांश पुन्हा याजकाला द्यायचा, असं गणनाचा 18 वा अध्याय सांगतो. म्हणजे ज्याचा चरितार्थ दशांशावर चालतो त्यालाही दशांश सुटलेला नाही. आमच्या काही पाळकांना हा अध्याय प्रवचनासाठी कधीच आठवत नाही.

अनुवादाच्या 14 व्या अध्यायातला भाग तर बऱ्याच जणांनी नीट वाचलेलाच नसतो. तिथे सांगितलंय की दशांश घेऊन सगळ्या कुटुंबाने परमेश्वराने निवडलेल्या जागी जावं आणि त्याच्यासमोर आनंदाने जेवावं. जागा लांब असेल तर माल विकून रुपं गाठीला बांधावं, तिथे पोचल्यावर मनाला येईल ते विकत घ्यावं आणि घरच्यांनी मिळून खावं, फक्त लेव्याला विसरू नये. दर तिसऱ्या वर्षी मात्र तो आपल्याच गावात साठवायचा आणि लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांनी तो पोटभर खायचा. सेवकाची पोटापाण्याची सोय, कुटुंबाचा आनंद आणि गोरगरिबांचा वाटा, असे तीन उपयोग दहाव्या भागाचे होते. आपल्याकडे प्रवचनात पहिलाच तेवढा ऐकू येतो.

मलाखीचंही तसंच. आशीर्वादाचं अभिवचन ज्या अध्यायात आहे, त्याच अध्यायात थोडं वर मजुराची मजुरी बुडवणाऱ्यांना, विधवांना आणि अनाथांना छळणाऱ्यांना इशारा आहे. घरकामाच्या बाईचा पगार पाच तारखेऐवजी पंधराला द्यायचा आणि दशांशाचं पाकीट मात्र पहिल्या रविवारी वेदीवर ठेवायचं, ही कसरत त्या संदेष्ट्याला चालली नसती. शिवाय ते अभिवचन एकट्यादुकट्याला दिलेलं नाही. ते साऱ्या राष्ट्राला आहे: शेतातली कीड आवरेन, द्राक्षवेलाचं फळ गळू देणार नाही. भांडार सगळ्यांनी मिळून भरायचं आणि आशीर्वादही सगळ्यांनी मिळून घ्यायचा, असा तो व्यवहार आहे.

नव्या करारात टक्केवारी कुठेच घालून दिलेली नाही. पुदिना, शेप आणि जिरं यांचासुद्धा दशांश मोजून देणाऱ्या परुश्यांना प्रभूने फटकारलं ते दशांश दिला म्हणून फटकारलं नाही. न्याय, दया आणि विश्वास या मोठ्या गोष्टी सोडल्या म्हणून. पौल करिंथकरांना सांगतो की आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीप्रमाणे काही बाजूला काढून ठेवावं. तेव्हा दशांश दिला नाही तर तारण जाईल, असं कुणी सांगत असेल तर त्याच्या नादी लागू नका. दहा टक्के ही जुनी, सोपी, पटकन हिशोब करता येणारी खूण आहे. मी ती पाळायला सांगतो ते तिच्या उपयोगासाठी.

घरात काय बदलतं

एक घर डोळ्यांसमोर आणा. नवरा एमआयडीसीतल्या कंपनीत, हातात येणारा पगार 34,000. बायको शिवणकाम करते, महिन्याला तीन-चार हजार कधी येतात, कधी नाही. घराचा हप्ता, दोन मुलांची फी, आईची औषधं, किराणा, दूध, पेट्रोल. वीस तारखेनंतर दर महिन्याला ओढाताण. पैसे कुठे जातात विचारलं तर दोघंही म्हणतात, जातात कुठेतरी.

आता पगाराच्या दिवशीच 3,400 बाजूला काढले. उरले 30,600. पहिल्या महिन्यात पंधरा तारखेलाच टंचाई येते आणि नाइलाजाने वही उघडावी लागते. वहीत दिसायला लागतं: चार मोबाइलची रिचार्ज, त्यातलं एक कुणी वापरतच नाही. टीव्हीवरच्या तीन वर्गण्या. मुलांनी दहा मिनिटांत घरपोच मागवलेला खाऊ, आणि त्यावर पोचवण्याचा आकार. महिन्यातून दोनदा हॉटेल, कारण त्या दिवशी स्वयंपाकाचा कंटाळा. शून्य टक्के व्याजाच्या हप्त्यावर घेतलेला, जुना चालू असताना घेतलेला, नवा फोन. या सगळ्याची बेरीज अनेकदा दशांशाच्या जवळपास जाते. काही घरांत जाणार नाही, तिथे खरोखरच पोटाला चिमटा बसतो आणि त्याबद्दल पुढे लिहिलंय. पण मध्यम उत्पन्नाच्या बहुतेक घरांत दशांशाने पहिलं काय दिलं असेल तर हा हिशोब. आकाशातून काही पडलं नाही. घरातच गळत होतं ते दिसलं.

दुसरी गोष्ट जरा उशिरा लक्षात येते. दशांश किती, कुठे, कधी हे ठरवायला नवराबायकोला महिन्यातून एकदा पैशावर शांतपणे बोलावं लागतं. पैशावरून भांडणारी जोडपी पुष्कळ. बोलणारी फार कमी. बायकोला पगाराचा आकडा माहीत नाही आणि नवऱ्याला गॅसचा भाव माहीत नाही, अशी आपल्याकडची जुनी तऱ्हा. दशांश नवऱ्याने परस्पर देऊन टाकला तर हा लाभ बुडतो. शिवणकामाचा दशांश बायकोने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या नावाने द्यावा. पावतीवर तिचं नाव येणं ही छोटी गोष्ट वाटते, पण ज्या घरात ते झालं त्या घरात विचारून बघा.

आणि मग भीती. महिनाअखेर पुरेल का, नोकरी टिकेल का, मुलीच्या लग्नाला काय करायचं, ही भीती पगार वाढला म्हणून जात नाही. लाखाच्या पगारवाल्यालाही ती असते, फक्त आकडे मोठे असतात. उरलं तर देऊ म्हणणाऱ्याकडे कधीच उरत नाही, कारण भीती उरू देत नाही. जो आधी काढून देतो त्याने दर महिन्याला एकदा त्या भीतीचं ऐकायला नकार दिलेला असतो. वर्षभर असं केलं की माणसाच्या प्रार्थनेचा सूर बदलतो. मागण्यांची यादी आखूड होते, आभाराला जागा मिळते, शेजारच्या घरातलं दुखणं प्रार्थनेत यायला लागतं. हे मोजता येत नाही, पण मंडळीत कुणाच्या बाबतीत ते झालंय हे सगळ्यांना दिसतं.

नियमाने दशांश देणाऱ्यांच्या घरीही किडनी निकामी होते, कंपनी बंद पडते, मुलगा नापास होतो. तेव्हा कुणी पवित्र चेहरा करून तुमच्या दानात काही कमी पडलं असेल म्हणालं, तर त्याला ईयोबाच्या मित्रांचं पुढे काय झालं ते वाचायला सांगा. अशा वेळी खरा ऐहिक आशीर्वाद मंडळीच्या भांडारातून येतो. दवाखान्याच्या बिलाला मदत, मुलाच्या परीक्षेची फी, कबरस्तानातला खर्च. भांडार रिकामं असेल तर पाळकांना नुसती प्रार्थना करून परतावं लागतं, आणि ते त्यांनाही बोचतं.

हिशोब कसा करावा

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न: पूर्ण पगारावर की हातात येणाऱ्यावर? समजा पूर्ण पगार 40,000 आणि पीएफ, व्यवसाय कर वगैरे जाऊन हातात 34,000. दशांश 4,000 की 3,400? शास्त्रात वेतनपत्रक नाही, तेव्हा यावर वाद घालण्यात अर्थ नाही. एकदा ठरवा आणि दर महिन्याला बदलू नका. हातात येणाऱ्यावर दिलात तर निवृत्तीच्या वेळी पीएफ मिळेल तेव्हा त्यावरचा द्यायचा राहिलाय हे लक्षात असू द्या. पूर्ण पगारावर देत आलात तर तुमच्या वर्गणीचा दिलेलाच आहे. मालकाचा हिस्सा आणि व्याज तेवढं उरतं. बोनस आणि थकबाकी मिळते तेव्हाच त्यातला भाग काढावा, कारण असे पैसे आठ दिवसांनंतर सापडत नाहीत.

दुकानदाराने गल्ल्यावर हिशोब करू नये. किराणा दुकानात दिवसाला 10,000 ची विक्री झाली म्हणून 1,000 दिले तर सहा महिन्यांत दुकानाला कुलूप लागेल. मालाची किंमत, भाडं, वीज, नोकराचा पगार वजा जाऊन जो नफा राहतो त्यातला दहावा भाग. मात्र घरात वापरलेला माल, मुलांनी बरणीतून काढलेली बिस्किटं, हेही उत्पन्नच आहे.

शेतकऱ्याचं सगळ्यात अवघड. कांद्याची पट्टी आली, हमाली-तोलाई जाऊन हातात 1,20,000. रोप, खत, औषध, मजुरी, वाहतूक मिळून 85,000 गेले होते. राहिले 35,000, दशांश 3,500. काही जुने लोक म्हणतात की प्राचीन इस्राएली शेतकरी खर्च वजा करत नव्हता. पण त्याने बियाण्याच्या पिशवीला आणि फवारणीला रोख पैसे मोजले नव्हते. ज्या वर्षी भाव पडून उत्पादनखर्चही निघाला नाही, त्या वर्षी पैशातला दशांश नाही. घरी ज्वारी-बाजरी झाली असेल तर त्यातलं धान्य द्यावं. उसाचं बिल हप्त्याहप्त्याने येतं, दशांशही तसाच द्यावा. सगळं बिल मिळाल्यावर एकदम देऊ म्हटलं की पहिले हप्ते सोसायटीच्या कर्जात आणि लग्नकार्यात गेलेले असतात.

जमीन किंवा घर विकलं तर सगळ्या रकमेवर नको, झालेल्या नफ्यावर. आणि विम्याच्या पैशाबद्दल माझं मत ठाम आहे. घरचा कमावता माणूस गेला आणि विम्याचे पैसे आले, तर त्या विधवेपुढे दशांशाचा विषय कुणीही काढू नये, पाळकांनी तर नाहीच. ते उत्पन्न नाही, मुलांच्या पुढच्या दहा वर्षांची भाकर आहे. दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेची गोष्ट सांगताना मार्काने तिच्या लगेच आधी विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांबद्दल लिहिलंय, हे वाचायचं राहून जातं.

आईवडिलांच्या औषधांच्या बाबतीतही तसंच. देवाला अर्पण केलंय म्हणून आईबापांना द्यायला नाही, या सबबीला प्रभूने कुर्बानाच्या प्रसंगी सरळ ढोंग म्हटलंय. आईच्या औषधाचे पैसे दशांशातून वळते करू नयेत आणि दशांशासाठी औषधही थांबवू नये. दोन्ही वेगवेगळी देणी आहेत आणि औषध आज द्यायचं आहे.

डोक्यावर कर्ज असेल तर

ऋण काढून सण करू नये म्हणतात, ऋण काढून दशांशही देऊ नये. क्रेडिट कार्डावरून दान हा प्रकार मला मुळीच पसंत नाही. घराचं कर्ज वीस वर्षं चालणार. त्याची सबब सांगून वीस वर्षं थांबणं बरोबर नाही. पण सावकाराचे 20,000 शेकडा तीन रुपये महिन्याने घेतले असतील तर महिन्याला 600 नुसतं व्याज जातंय, वर्षाला 7,200. अशा घराने आधी ते कर्ज फेडावं. दशांशाची सवय मोडू नये म्हणून ठरावीक थोडी रक्कम, अगदी 100 रुपये का होईना, दर महिन्याला वेगळी काढावी आणि खजिनदाराला किंवा पाळकांना एकदा खरी परिस्थिती सांगून टाकावी. कर्ज फिटलं त्या महिन्यापासून हप्त्याची रक्कम दशांशाकडे वळवायची. हे आधीच लिहून ठेवलं नाही तर ती नव्या गाडीकडे वळते.

ज्यांनी कधीच दिला नाही त्यांना मी एकदम दहा टक्क्यांवर उडी मारायला सांगत नाही. विसाव्या भागापासून सुरू करा, दर पगारवाढीला थोडा वाढवा. एका उत्साहाच्या भरात दहा टक्के देऊन चौथ्या महिन्यात बंद पडण्यापेक्षा पाच टक्के दोन वर्षं टिकलेले चांगले.

हातात रोख पैसा येतच नाही अशा बायकांसाठी मिझोरामचं उदाहरण सांगण्यासारखं आहे. तिथल्या प्रेस्बिटेरियन मंडळीतल्या स्त्रियांनी 1910 मध्ये एक पद्धत सुरू केली. भात रांधायला तांदूळ काढले की त्यातली एक मूठ प्रभूसाठी वेगळ्या भांड्यात टाकायची. त्याला मिझो भाषेत बुहफाय थाम म्हणतात. हा तांदूळ गोळा करून विकला जातो आणि मंडळीच्या कामाला लागतो. शंभराहून अधिक वर्षं झाली, ती मूठ अजून चालू आहे आणि त्यावर मंडळीची मोठमोठी कामं उभी राहिली आहेत. आपल्याकडेही मुठीचं धान्य काढणाऱ्या आजीबाई होत्या. त्यांच्या सुनांनी डबा बदलला, पण सवय बदलायचं कारण नव्हतं.

कुठे द्यावा आणि काय विचारावं

नहेम्याच्या 13 व्या अध्यायात एक प्रसंग आहे. नहेम्या यरुशलेमला परत आला तेव्हा दशांशाची कोठडी एल्याशीब याजकाने आपल्या सोयऱ्याला, तोबीयाला, राहायला दिलेली. लेव्यांना त्यांचा वाटा मिळेना म्हणून ते मंदिर सोडून आपापल्या शेतावर निघून गेलेले. नहेम्याने तोबीयाचं सामान बाहेर फेकलं, कोठड्या शुद्ध करून घेतल्या आणि मगच लोकांनी दशांश आणला. त्यानंतर त्याने भांडारावर एक याजक, एक शास्त्री, एक लेवी आणि त्यांच्या मदतीला आणखी एक, अशी चार विश्वासू माणसं नेमली. आधी कोठडी साफ, मग दशांश, मग चौघांचा पहारा. मंडळीच्या पंचकमिटीने हा अध्याय वर्षातून एकदा मोठ्याने वाचावा.

रविवारी उपासनेनंतर वेस्ट्रीतलं टेबल पाहिलंय का? थैली उलटी केली की आधी नाणी खणखणतात. मुलांनी सुरळी करून पार बारीक केलेल्या दहाच्या नोटा असतात, एखादी घडी इतकी घट्ट की नखाने उघडावी लागते. नावाची पाकिटं वेगळी, बिनानावाची वेगळी. दोघांनी मोजायचं, तिसऱ्याने वहीत लिहायचं, तिघांनी सही करायची आणि सोमवारी बँकेत भरायचं. ही साधी शिस्त जिथे आहे तिथे दशांश द्यायला हरकत नाही. जिथे एकटा माणूस थैली घरी घेऊन जातो तिथे तो माणूस कितीही भला असो, प्रश्न विचारावा. पौलानेही यरुशलेमसाठी जमवलेलं दान एकट्याने नेलं नाही. कुणाला बोट दाखवायला जागा नको म्हणून बरोबर माणसं घेतली, असं तो स्वतः लिहितो.

महाराष्ट्रातल्या नोंदणीकृत न्यासाला 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली हिशोब ठेवावे लागतात आणि लेखापरीक्षण करून घ्यावं लागतं. सभासद म्हणून वार्षिक ताळेबंद मागणं हा अविश्वास नव्हे. त्यात पाळकांच्या मानधनाला किती, इमारतीला किती आणि गरिबांना किती हे तिन्ही आकडे पाहावेत. तिसरा रकाना रिकामा असेल तर पुढच्या सभेत हात वर करावा. करसवलतीबद्दलही गैरसमज आहे. 80जी म्हणून ओळखली जाणारी सवलत निव्वळ धार्मिक कामाच्या किंवा एकाच धर्मसमाजापुरत्या संस्थेला सहसा मिळत नाही, 2,000 च्या वरच्या रोख देणगीला तर नाहीच, आणि नव्या करप्रणालीत ती घेताच येत नाही. तेव्हा सवलत मिळेल या आशेवर आकडा ठरवू नये.

टीव्हीवर आणि मोबाइलवर एक जात फोफावली आहे: आज 1,000 चं बी पेरा, शंभरपट घ्या. खाली लगेच खातेनंबर. ज्याच्या घरी आजारपण आहे, ज्याचा मुलगा बेकार आहे, तोच यात सापडतो. असं बी मागणाऱ्यांना एक पैसा देऊ नका. ज्या भांडाराचा हिशोब तुम्हाला कधी दिसणार नाही, ते मलाखीचं भांडार नव्हे.

सक्तीचं काय होतं ते इंग्लंडच्या इतिहासात दिसतं. तिथे शेकडो वर्षं दशांश हा कायदा होता. पेंढ्यांचा दहावा भाग नेऊन ठेवायला प्रचंड कोठारं बांधली, न देणाऱ्या क्वेकरांना तुरुंगात टाकलं. आयर्लंडमध्ये बहुसंख्य कॅथलिक शेतकऱ्यांना दुसऱ्याच मंडळीसाठी दशांश भरावा लागे, आणि 1830 च्या दशकात त्यावरून रक्तपात झाला. 1836 मध्ये इंग्लंडने धान्याऐवजी पैशात आकारणी ठरवली, आणि त्यानंतर शंभर वर्षांनी, 1936 मध्ये, तीही मोडीत काढायला सुरुवात झाली. आशीर्वादाचं नावही तोवर कुणी घेत नव्हतं.

त्याच काळाच्या आसपास अमेरिकेत उलट घडलं. मॉर्मन लोकांची मंडळी कर्जात बुडाली होती. सरकारने तिची मालमत्ता जप्त केल्याचाही त्यात हात होता. 1899 मध्ये त्यांचे अध्यक्ष लोरेन्झो स्नो युटातल्या दुष्काळी सेंट जॉर्ज गावी गेले आणि तिथून त्यांनी दशांशाचा ध्यास घेतला. 1907 पर्यंत मंडळी कर्जमुक्त झाली. त्यांच्या काही शिकवणुकी आपल्याला मान्य होणार नाहीत, आणि मंदिरप्रवेशाला दशांशाची अट घालणं मला स्वतःला जड जातं. पण त्यांच्या दोन पद्धती उचलण्यासारख्या आहेत. वर्षाअखेरीला प्रत्येक कुटुंब स्थानिक बिशपांसमोर बसतं आणि आपण पूर्ण दशांश दिला की नाही ते स्वतःच्या तोंडाने सांगतं. कुणी त्यांचं पासबुक तपासत नाही. आणि गरिबांसाठीचं दान दशांशात मिसळत नाहीत. महिन्यातून एका रविवारी उपास करायचा, वाचलेल्या जेवणाचे पैसे गरजूंसाठी वेगळे द्यायचे.

आपल्या मंडळ्यांमध्ये हंगामाचा सण असतो. वेदीपुढे कणसांच्या पेंढ्या, ऊस, अंड्यांची टोपली, पाय बांधलेली कोंबडी. उपासना झाली की आवारात लिलाव. 40 रुपयांचा भोपळा 500 ला जातो, घेणारा तो परत अर्पण करतो, पुन्हा बोली लागते आणि दुपारपर्यंत त्याच भोपळ्याचे 2,000 होऊन शेवटी तो पाळकांच्या स्वयंपाकघरात पोचतो. मजा येते, येऊ द्यावी. अनुवादातला कुटुंबासह आनंद करण्याचा भाग तोच तर आहे. फक्त लिलावातल्या मोठ्या बोलीला दशांश समजू नये. भोपळ्यावर चढी बोली लावणारी काही नावं वर्षभराच्या दशांशाच्या वहीत शोधूनही सापडत नाहीत, आणि वहीत दर महिन्याला नेमाने येणारी कित्येक नावं लिलावात मागे उभी असतात.

नोकरीसाठी पुण्या-मुंबईला गेलेल्यांचा एक प्रश्न राहिला. दशांश गावच्या मंडळीला द्यायचा की शहरातल्या? जिथे दर रविवारी उपासनेला बसता, जिथले पाळक तुमच्या घरी येतात, तिथे मोठा वाटा असावा. पण गावच्या मंडळीने तुम्हाला बोर्डिंगात शिकवलं असेल, तिथले पाळक आजही तुटपुंज्या मानधनावर काम करत असतील, तर काही भाग तिकडे जायलाच हवा. निम्मा-निम्मा केला तरी चालेल. दोन्हीकडच्या खजिनदारांना मात्र तसं सांगून ठेवा. नाहीतर दोघंही आपापल्या वहीत अर्धाच आकडा बघून तुम्हाला चिकट समजत राहतात.